सर्वज्ञ व्हा! पूर्वज्ञानाची अट नाही

प्रत्येक सोसायटीत एक सर्वज्ञ असतो. गावात तो पारावर असतो, लोकलमध्ये चौथ्या सीटवर असतो आणि लग्नाच्या पंगतीत नेमका आपल्या शेजारी असतो. हे पद अनुकंपा तत्त्वावर मिळत नाही, स्वतःच पटकवावं लागतं. त्यासाठी होतकरूंच्या हाती ही छोटी मार्गदर्शिका देत आहोत. इतिहास, विज्ञान, भाषा, क्रीडा आणि संस्कृती असे पाच विषय अभ्यासाला आहेत हे वाचून दचकू नये. पाचांत मिळून शंभरेक उत्तरं पाठ असली की जन्म निघतो. प्रश्न कुठला विचारायचा हे बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं.

एकच पथ्य आहे, आणि ते कडक आहे. उत्तर दिल्यावर त्याच विषयावरचा दुसरा प्रश्न स्वतः विचारायचा नाही आणि समोरच्याला विचारू द्यायचा नाही. का, ते पुढे कळेल.

पाठ पहिला: "पहिला" कसा वापरावा

सामान्य ज्ञानाचा निम्मा व्यवहार "पहिला"वर चालतो. पहिली आगगाडी, पहिला चित्रपट, पहिलं वर्तमानपत्र, पहिली महिला अमुक आणि पहिला भारतीय तमुक. यांची उत्तरं एका दमात, तारखेसकट द्यायची असतात. उदाहरणार्थ, भारतातली पहिली रेल्वे? 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे. वर फोडणीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे आणि 21 तोफांची सलामी. एवढ्यावर पाच मिनिटं सहज निघतात.

फक्त "पहिली प्रवासी गाडी" असं चुकूनही म्हणू नये. "प्रवासी" म्हटलं की एखादा चोंबडा विचारणारच, "म्हणजे मालाची गाडी आधी धावली होती का हो?" धावली होती ना. मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 साली दगड वाहण्यासाठी रूळ टाकले होते, आणि रुडकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर 1851 साली वाफेचं इंजिन माती ओढत होतं. हे बाहेर पडलं की बोलण्याची सूत्रं गेली, आणि डब्यात कोणी ठाणेकर असेल तर तो उगाच दुखावतो. तेव्हा विशेषण गाळा. सर्वज्ञाची साठ टक्के विद्या या दोन शब्दांत आली.

विशेषण न गाळल्यास काय होतं, ते गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत पाहावं. मंडपात सतरंज्या, दोन गट, बझर म्हणून स्टीलचं ताट आणि चमचा. सूत्रसंचालन करणारी मुलगी कॉलेजातली, हातात छापील कागद. ती विचारते, "भारतातला पहिला चित्रपट कोणता?" चमचा वाजतो. "राजा हरिश्चंद्र, 1913!" "बरोब्बर, दहा गुण!"

तेवढ्यात मागून आवाज येतो. "अगं, पुंडलिक राहिला की!"

"काका, कागदावर हरिश्चंद्रच आहे."

"कागदाला काय विचारतेस? श्री पुंडलिक, 1912. दादासाहेब तोरणे. फाळके नंतरचे."

"अहो, पण ते नाटकाचं चित्रीकरण होतं," पहिल्या रांगेतले दुसरे काका मान मागे वळवतात. "एका जागी कॅमेरा ठेवून घेतलेलं. कॅमेरा इंग्रज माणसाचा, आणि फिल्म धुवायला लंडनला. त्याला चित्रपट म्हणता?"

"पडद्यावर दाखवला की नाही? गिरगावात कॉरोनेशनला लागला होता. 18 मे 1912!"

"फाळक्यांचाही कॉरोनेशनलाच लागला. 3 मे 1913!"

इथवर प्रकरण हातात असतं. मग सतरंजीच्या टोकाला बसलेले, आतापर्यंत गप्प असलेले तिसरे गृहस्थ घसा खाकरतात आणि सावेदादांचं नाव काढतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती 1899 सालीच कॅमेऱ्यात टिपली होती, आणि रँग्लर परांजपे केंब्रिजहून 1901 साली मुंबईत उतरले तेव्हाचा सोहळाही. आता सगळाच खेळ बसला. मुलगी कागद उलटा करून बघते. आरती लांबते.

खरं तर तिघांचंही बरोबर आहे. पहिलं चलच्चित्र सावेदादांचं, पडद्यावर आलेली पहिली कथा तोरण्यांची आणि इथल्या माणसांनी इथंच घडवलेला पहिला पूर्ण कथापट फाळक्यांचा. तिघं मराठी, तिघांचं काम मुंबईतलं, म्हणजे भांडायला खरं तर कारणच नाही. पण एका ओळीच्या उत्तरात तीन माणसं मावत नाहीत, आणि दहा गुणांचे तीन भाग करायची कोणाची तयारी नसते.

कसलेला सर्वज्ञ अशा गदारोळात बाजू घेत नाही. तो शांतपणे म्हणतो, "हरिश्चंद्रात तारामती झाली होती ती बाई नव्हतीच. अण्णा साळुंके." हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे सगळे एकदम माना डोलावतात, कोणीतरी "हो हो, पुढे लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले" अशी भर घालतं, आणि प्रसादाचं ताट निघतं. प्रत्येकाला माहीत असलेली एक आश्चर्यकारक गोष्ट कायम खिशात ठेवावी. नवी गोष्ट सांगणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, जुनी सांगणाऱ्याला विद्वान म्हणतात.

पाठ दुसरा: गावचा अभिमान

हा पाठ लांब आहे, कारण यातलं उदाहरण आम्हाला आवडतं.

वाक्य असं: "हेलियमचा शोध आपल्या कोकणात, विजयदुर्गावर लागला." एवढंच टाकून गप्प बसावं. परिणाम खात्रीचा आहे. किल्ल्यावर ग्रहण बघायला बांधलेले ओटे आहेत, लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. सिंधुदुर्गातला माणूस ऐकत असेल तर चहा त्याच्याकडून.

पुढचा मजकूर केवळ माहितीसाठी आहे. त्याचा उपयोग करणाऱ्याच्या चहाची जबाबदारी आम्ही घेत नाही.

18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची छाया भारतावरून गेली, इथवर खरं आहे. ते बघायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आला, पण तो बसला होता आंध्रात, गुंटूरला. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला होता. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी लोलकाच्या यंत्रातून पाहिला, तेव्हा त्यात एक पिवळी रेघ चमकत होती. आणि ज्या नॉर्मन लॉकियरच्या नावाने विजयदुर्गाचे ओटे ओळखले जातात, ते साहेब त्या दिवशी होते इंग्लंडमध्ये. त्यांनी ती पिवळी रेघ पाहिली ती 20 ऑक्टोबर 1868 ला. घरच्या आकाशात, ग्रहणाबिहणाशिवाय. ज्वाळा बघायला ग्रहणाची गरज नाही, ही युक्ती त्यांना आणि जान्सेनला जवळपास एकाच वेळी सुचली होती.

ती रेघ सोडियमच्या रेघांच्या शेजारी होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. प्रयोगशाळेतला कुठलाच पदार्थ तसा उजेड देईना. मग हे सूर्यावरचंच काही तरी मूलद्रव्य, असं लॉकियर म्हणू लागले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर कोणी न पाहिलेला पदार्थ! बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना ते पचलं नाही. अखेर 1895 साली विल्यम रॅमसे यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला, तर तीच पिवळी रेघ. तोवर सत्तावीस वर्षं गेली होती.

मग विजयदुर्ग कुठून आला? तर लॉकियर तिथं खरोखरच आले होते, पण 1898 साली. 22 जानेवारीच्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी किल्ल्यावर तळ ठोकला, मदतीला नौदलाची माणसं घेतली आणि नंतर निरीक्षणांचा सविस्तर अहवाल छापला. म्हणजे बघा, माणूस बरोबर, जागा बरोबर, मूलद्रव्य बरोबर, ग्रहणही बरोबर. फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि तीस वर्षांचा फरक समुद्रात पडला. अशी चूक नुसत्या थापेपेक्षा चिवट असते. तिच्यातला प्रत्येक तुकडा खरा निघतो, त्यामुळे कोणता तुकडा खोडायचा तेच कळत नाही.

जाता जाता एक तक्रार. त्याच 1898च्या ग्रहणाला करमाळ्याकडच्या जेऊर स्टेशनाजवळ आणखी एक तळ पडला होता. तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा होता. पुण्यात वेधशाळा उभी करणारा हा पारशी माणूस आपली दुर्बीण घेऊन सोलापूरच्या माळावर गेला, ग्रहणाचे वेध घेतले, त्यांचा अहवाल काढला. अभिमानच बाळगायचा तर हा माणूस किती सोयीचा आहे. त्यात काही दुरुस्तीच करावी लागत नाही. पण त्यांच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून उत्तरही कोणाला ठाऊक नाही.

पाठ तिसरा: क्रीडा

इथे आवाज चढवला तरी चालतो.

हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, हे वाक्य छातीठोक म्हणावं. माहिती अधिकारात विचारल्यावर केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने 2012 साली कळवलं होतं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. पण ते उत्तर एका शाळकरी मुलीने मिळवलं होतं, आणि पोरांचं कोण ऐकतं?

एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक? सचिन, ग्वाल्हेर, 24 फेब्रुवारी 2010. बरोबर म्हणायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे सरकायचं. कारण ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने 16 डिसेंबर 1997 ला डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 केल्या होत्या. बारा वर्षं आधी. आणि कुठे? वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. सचिन ज्या साहित्य सहवासात वाढला तिथून चालत जाता येईल इतक्या जवळ! इथे गाळायचं विशेषण "पुरुषांच्या" हे आहे. ते इतकी वर्षं इतक्या सफाईने गाळलं जातंय की होतकरूंना वेगळा सराव करावा लागणार नाही.

खाशाबा जाधवांचं उत्तर सर्वांना येतं. हेलसिंकी, 1952, कुस्तीत कांस्य, पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इथं "स्वतंत्र भारताचं" हे दोन शब्द गाळले जातात, कारण ते ठेवले तर नॉर्मन प्रिचर्डची गोष्ट सांगावी लागते. कोलकात्यात जन्मलेल्या या धावपटूने 1900 साली पॅरिसमध्ये दोन रौप्यपदकं मिळवली. ती भारताची की ब्रिटनची यावर अजून वाद आहे आणि हे महाशय पुढे हॉलिवूडच्या मूकपटांत नट झाले. ती गोष्ट रंगतदार आहे, पण खाशाबांची गोष्ट तिच्यापुढे झाकोळू नये असं आम्हाला वाटतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून त्याला 7,000 रुपये उभे करून दिले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. बहुपर्यायी प्रश्नात यातलं काहीच बसत नाही. तिथं अ, ब, क, ड आणि चार सालं.

आणि भाऊसाहेब निंबाळकर. यांच्याबद्दल मात्र सर्वज्ञानेसुद्धा दोन मिनिटं पथ्य मोडावं. डिसेंबर 1948, पुणे, रणजी करंडक, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडच्या 238. महाराष्ट्राच्या 4 बाद 826. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा 452 धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम मोडायला हव्या होत्या फक्त 10 धावा. अशा वेळी मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी जाहीर केलं की आम्ही पुढे खेळत नाही, सामना तुमचा. आणि त्यांनी गाशा गुंडाळला. आपल्या संघाविरुद्ध विश्वविक्रम झाला असं नाव लागायला नको, एवढ्यासाठी! निंबाळकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत 400 ओलांडणारा भारतीय आजही तेवढा एकच. क्विझमध्ये प्रश्न येतो तो "सर्वाधिक धावा कोणाच्या" इतकाच. ठाकोरसाहेबांबद्दल कोणी विचारत नाही. विचारायला हवं.

पाठ चौथा: भाषा

राष्ट्रभाषा हिंदी, असं म्हणून सरळ पुढे जावं. राज्यघटनेत राष्ट्रभाषा हा शब्द कुठल्याच भाषेला लावलेला नाही, 343व्या कलमात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे आणि आठव्या परिशिष्टात 22 भाषा आहेत, हे घटना उघडल्यास दिसतं. म्हणून उघडू नये.

उरलेला पाठ दोन संस्थांच्या जिवावर पार पडतो. काही पटत नसेल तर त्याला नासा जोडावं, फारच पटत नसेल तर युनेस्को. "संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासाने सांगितलंय" हे वाक्य निघालं ते 1985 सालच्या एका लेखातून. रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने, संस्कृत व्याकरणकारांची वाक्य फोडण्याची रीत संगणकाला ज्ञान समजावून देण्यासाठी उपयोगी पडेल, असं त्यात सुचवलं होतं. विचार छान होता, अजूनही वाचण्यासारखा आहे. पण त्या विचारापेक्षा त्याच्या नोकरीचा पत्ताच जास्त गाजला. आपलं राष्ट्रगीत सर्वोत्कृष्ट ठरवणाऱ्या युनेस्कोच्या निर्णयाला तर एक लेखसुद्धा नाही. तो निर्णयच नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर तो दर 15 ऑगस्टला पुन्हा जाहीर होतो आणि आत्या खाली हात जोडल्याचं चित्र टाकतात. आत्यांना दुरुस्त करू नये. हे पथ्य सर्वज्ञांपुरतंच नाही.

पाठ पाचवा: विज्ञान

चंद्रावरून चीनची भिंत दिसते. (दिसत नाही. लांबी भरपूर आहे, पण रुंदी एखाद्या रस्त्याएवढी; चंद्राची गोष्ट सोडा, 2003 साली पृथ्वीभोवती फिरून आलेला चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई यानेच ती दिसली नाही असं सांगितलं.) आइनस्टाईनला नोबेल मिळालं ते सापेक्षतावादासाठी. (मिळालं प्रकाशविद्युत परिणामासाठी.) कंसातलं वाचू नये.

पाठ सहावा: पकडले गेल्यास

हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यामुळे हा धोका वाढला आहे. शक्यतो रेंज नसलेल्या जागी बोलावं. कसारा घाटातले बोगदे उत्तम. रेंज असेल आणि कोणी मोबाइल पुढे केलाच, तर चष्मा नसल्याचं सांगावं. तरी नाही सुटला, तर "आमच्या वेळच्या पुस्तकात असंच होतं" हे म्हणावं. हे वाक्य मोडून काढता येत नाही, कारण बहुधा ते खरं असतं.

पाठ सातवा: ज्ञानाची मुदत

बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापतात, उत्तरावर छापत नाहीत. प्लूटो ग्रह होता, 2006 साली त्याचं नाव यादीतून गेलं. एव्हरेस्टची उंची पिढ्यान् पिढ्या 8,848 मीटर होती, 2020 साली नेपाळ आणि चीनने मिळून ती 8,848.86 केली. शनीला चंद्र किती, याचं उत्तर देणाऱ्यांची तर दैनाच आहे. 2025च्या मार्चमध्ये एकाच घोषणेत 128 नवे चंद्र आले आणि आकडा 274 वर गेला. महाराष्ट्रात जिल्हे 35 होते, 1 ऑगस्ट 2014 ला पालघर झालं आणि 36 झाले. त्यातल्या तिघांची नावं बदलली. क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा तोच आहे, पण अहमदनगर लिहिलं तर आता उत्तर जुनं ठरतं, अहिल्यानगर लिहावं लागतं.

पंगतीत याने काही बिघडत नाही. पण घरातली पोरं तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी असल्या परीक्षांना बसतात, अभ्यासिकेत बारा-बारा तास खुर्ची सोडत नाहीत, आणि पुस्तक मात्र थोरल्या चुलतभावाचं वापरतात, कारण नव्याची किंमत परवडत नाही. एमपीएससीला चुकलेल्या उत्तरामागे प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. तिथं "आमच्या वेळच्या पुस्तकात असंच होतं" चालत नाही. म्हणून ही एक सूचना गंभीरपणे घ्यावी. सामान्य ज्ञानाचा जुना ठोकळा भाच्याला द्यायचा असेल, तर आधी आवृत्तीचं साल बघा, जिल्ह्यांचं पान उघडून मोजा, आणि 35 भरले तर तो त्याला देऊ नका.